मुलांच्या दाढांना सीलंट: गरज की दवाखान्याचा धंदा?

राजारामपुरीकर:
आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या पोराला डॉक्टरांनी सीलंट, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ लेप, सांगितलंय आणि घरात दोन तट पडलेत. माझं मत, लावून घ्या. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं जी दाढ येते, ती कुठलाही दात पडायची वाट न बघता गुपचूप येते. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात. "किडली तर किडली, पडंल की!" ती पडत नाही, जन्माची असते. वरच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केसही तळाला पोचत नाही. त्या खाचा पातळ रेझिननं, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्यानं, बुजवायच्या, एवढंच. सुई नाही, ड्रिल नाही.

शिरोळचा_गडी:
दुखत न्हाई तिथं डॉक्टर कशाला भावा? आमच्या आज्ज्यानं जल्मभर गुऱ्हाळावर काकवी खाल्ली, राखुंडीनं दात घासलं आणि म्हातारपणीबी ऊस दातानंच सोलला. धडधाकट दाढंला प्लास्टिक चोपडायचं, ते निघालं की परत चोपडायचं. गिऱ्हाईक कायमचं!

राजारामपुरीकर:
आज्जा दर तासाला क्रीमचं बिस्किट खात नव्हता. ती चिकट पूड खाचेत बसते, जंतू तिचं आम्ल करतात आणि दाढ पोखरते.

करवीरची_आई:
माझा विरोध वेगळा आहे. सीलंट चावायच्या बाजूचं रक्षण करतं, दोन दाढांच्या फटीतल्या किडीचं काय? एकदा लावलं की घरचे निर्धास्त होतात, रात्रीचं ब्रश सुटतं. त्यापेक्षा फ्लोराइडची पेस्ट आणि शिस्त बरी.

दातांची_डॉक्टर:
फटीचं म्हणणं बरोबर आहे, तिथं सीलंट चालत नाही. पण फ्लोराइडचा गुण गुळगुळीत भागावर जास्त, खोल खाचेत कमी. म्हणून दोन्ही लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनुसार सीलंटमुळं मागच्या दातांची ८० टक्के कीड पहिली दोन वर्षं टळते, चार वर्षांपर्यंत ५० टक्के. खरी मेख लावण्यात आहे. पकड बसावी म्हणून दाढ आम्लानं खडूसारखी पांढरी करून धुवायची, कोरडी ठणठणीत ठेवायची, मग सीलंट लावून ते कडक करायला निळा उजेड मारायचा. मधेच पोरानं जीभ फिरवली, थुंकी लागली, की पकड गेली. लवकर निघालेली सीलंटं बहुतेक तिथंच फसलेली असतात. दाढ अर्धीच वर आली असेल तर ओल सोसणारं ग्लास आयोनोमर नावाचं दातांचं सिमेंट लावतात. आणि तपासणी दर सहा महिन्यांनी हवीच.

शिरोळचा_गडी:
आणि आत कीड असली तर? वर झाकण घालून कोंडायची?

दातांची_डॉक्टर:
भोक पडलं असेल तर सीलंट नाही, भरावंच लागतं. नुसती सुरुवात असेल तर वरून बंद केल्यावर जंतूंचं खाणं तुटतं, कीड पुढं सरकत नाही.

करवीरची_आई:
सहा महिन्यांनी तपासणी कोण करतं हो आपल्याकडे? दाढ ठणकल्याशिवाय कुणी पायरी चढत नाही.

शिरोळचा_गडी:
ह्ये मातर खरं. मग झेडपीच्या शाळंत येऊन लावा की. पोराच्या न दुखणाऱ्या दाढंसाठी रोज बुडवून कोल्हापूर गाठायला ऊसतोडीच्या माणसाला परवडतंय व्हय?