बाबांच्या वह्या
(घरचा ग्रुप, रविवार रात्र)

ताई: माळा रिकामा करताना बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या. १९७९ पासूनच्या. एकीला वाळवी लागलीय, बाकी शाबूत. फोटो टाकते.

पुतण्या: आत्या, १८ जानेवारी १९८२, सोमवार. लाल शाईत नुसतं "संप". तोच तो गिरणी संप?

दादा: तोच. डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आणि रीतसर तो कधी मागे घेतलाच गेला नाही. तुझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते.

धाकटा: मी तेव्हा दुसरीत. गिरणीचा भोंगा बंद, तरी बाबा पाचला उठून दाढी करायचे. आई म्हणायची, आता कुठे जायचंय?

ताई: मे महिन्यात भायखळ्याहून भाजी आणून चाळीखाली बसायला लागले. त्याआधीची पानं बघा. रोज तारीख, रोज "जमा ००". एक दिवस सुटलेला नाही. खर्चात रॉकेल, तांदूळ, आणि एके ठिकाणी "चहा: घेतला नाही" 😄

वहिनी: शून्य कशाला लिहायचं रोज? माझं हिशेबाचं अ‍ॅप पगारानंतर तीन दिवस चालतं, मग राम राम.

दादा: मी विचारलं होतं. म्हणाले, "शून्य आलं म्हणून दिवस आला नाही का?"

धाकटा: सगळंच गोड करू नका हं. यायला उशीर झाला की जेवण नाही, हेही त्यांचंच. लेकीला "सातच्या आत घरी" म्हणतो तेव्हा माझ्या तोंडून तेच बोलतात. मला नाही आवडत ते.

ताई: अरे, आई तुझं ताट झाकून ठेवायची ते त्यांना ठाऊक होतं. मुद्दाम बाहेर जाऊन बसायचे.

धाकटा: हे आत्ता सांगतेस??

वहिनी: सहाव्या फोटोत काय आहे? "१ रु. हिशेब लागत नाही." खाली दोन रेघा मारल्यात.

दादा: हा मेसेज डिलीट केला गेला

पुतण्या: बाबा, काय डिलीट केलंत?

दादा: तो रुपया मी घेतला होता. खुंटीवरच्या सदऱ्यातून. भोवरा आणि बर्फाचा गोळा. आजवर कुणाला बोललो नाही.

ताई: थांब, पुढचं पान टाकते. पहिलीच ओळ वाच. "कालचा १ रु.: थोरला."