सिम सगळ्यात शेवटी बंद करा

एका ताईंनी विचारलंय की वडील गेले, तर त्यांचा मोबाइल नंबर लगेच बंद करावा का. कृपया घाई करू नका. बँक, आधार, पॅन सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो आणि मग ते ओटीपी परक्या माणसाच्या हातात जातात. खालची सगळी कामं होईपर्यंत छोटं रिचार्ज चालू ठेवा.

आधी मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. नाशिक महापालिकेचा दाखला हातात आला की नावाचं स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. 'राव' किंवा 'बाई' जास्तीचं असलं तरी बँकेत अडतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा.

मग बँकेला लेखी कळवून पोच घ्या, म्हणजे एटीएम आणि यूपीआय थांबतं. मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या मृत्यूची माहिती देण्याची सोय आहे. मतदार यादीतून नाव काढायला नमुना 7 भरा. पॅन मात्र शेवटचं आयकर विवरणपत्र भरून, परतावा मिळाल्यावरच परत करा.

आणखी एक, खरं तर धोका इथेच जास्त. अमरधाम स्मशानभूमीपासून दशक्रियेपर्यंत आधारच्या झेरॉक्स किती हातांत जातात! प्रत्येक प्रतीवर मजकुराला छेदून पेनने 'फक्त मृत्यू नोंदणीसाठी' आणि तारीख लिहा. कोऱ्या कोपऱ्यात लिहिलेलं सहज झाकता येतं. श्रद्धांजलीच्या बॅनरवर पूर्ण जन्मतारीख तर छापूच नका.