मदत हवी आहे: घरीच ब्रेक ब्लीड करायला कोणतं टूल घेऊ?
मंडळी, गाडीचं ब्रेक फ्लुइड बदलून दोन वर्षं होऊन गेलीत आणि आता पेडल जरा स्पंजी लागतंय, म्हणून या रविवारी घरीच ब्लीडिंग (ब्रेकच्या लाइनमधली हवा आणि जुनं फ्लुइड बाहेर काढणं) करायचं ठरवलंय. पेडल दाबायला दुसरं कोणी नाहीये, एकट्यानेच करायचंय. हाताचा व्हॅक्यूम पंप घेऊ, प्रेशर ब्लीडर घेऊ की नुसती वन-वे व्हॉल्व्हवाली नळी पुरेल? व्हॅक्यूमने निपलच्या (चाकाजवळ ब्रेकवर असलेला, हवा-फ्लुइड सोडायचा स्क्रू) आट्यांतून हवा ओढली जाते आणि बुडबुडे थांबतच नाहीत म्हणे, मग लाइनमधली हवा संपली हे ओळखायचं कसं? निपल 10 एमएमचा आहे, जुना आहे, पाना घसरून त्याच्या कडा गोल व्हायची भीती वाटते, तर रिंग पाना चालेल की फ्लेअर नट पानाच लागेल? फ्लुइड डॉट 4, गाडीला एबीएस आहे. ब्रेकचा मामला आहे, प्लीज स्वतः केलेल्यांनी सांगा.