पीपीचा यील्ड सर्टिफिकेटवर 34, आमच्याकडे 26. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका छोट्या मोल्डिंग शॉपमध्ये टेस्टिंग बघतो. साधं होमोपॉलिमर पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) आहे, सर्टिफिकेटवर यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तुकडा कायमचा लांबायला लागतो तो, 34 एमपीए आणि आमच्या यूटीएमवर (तुकडा ओढून ताकद मोजायचं मशीन) येतोय 26. पाच डंबेल (डंबेलच्या आकाराचे टेस्टचे तुकडे) ओढले, पाचही तसेच. मालक म्हणतात लॉट परत करा. पण मला आमचाच घोळ वाटतोय, कारण लॅबचा एसी आठवडाभर बंद, आत 36 डिग्री, त्यात मशीनचा स्पीड कोणीतरी 5 वर ठेवलेला तो मी बघितलाच नाही, सर्टिफिकेट 23 डिग्री आणि 50 मिमी प्रति मिनिटचं आहे. 50 लावून परत ओढलं तर 29 आला. म्हणजे 3 स्पीडने खाल्ले, बाकीचे 5 उकाड्याने?

पण केल्विनमध्ये 296 चे 309 झाले, जेमतेम 4 टक्के, मग यील्ड 15 टक्के कसा पडतो? आणि गणित करून रिपोर्टला 34 लिहिलं तर चालेल का? शिवाय 50 वर ओढताना नेकिंग होतं, म्हणजे तुकडा मध्येच बारीक होतो, तिथे पांढरं पडतं आणि बोटाला चक्क कोमट लागतं, त्याने रीडिंग बिघडत असेल का?

उत्तर:
लॉट परत करू नका! यील्ड व्हायला पॉलिमरच्या साखळ्यांना एक अडथळा ओलांडावा लागतो, थोडा जोर उष्णता देते, उरलेला तुमचं मशीन. उष्णतेचा हिस्सा एक्स्पोनेन्शियलमध्ये बसतो, म्हणजे तापमान जरा वाढलं तरी परिणाम मोठा, म्हणून 4 टक्के दिसायला कमी. स्पीड मात्र लॉगमध्ये येतो, 10 पट केला तेव्हा कुठे 3 वाढले. तुमच्याच आकड्यांवरून दहापट हळू ओढणं म्हणजे साधारण 8 डिग्री गरम करणं. हेच रसायनशास्त्रज्ञ हेन्री आयरिंगचं समीकरण, 1936 चं. कोमट लागतं ते बहुतेक यील्डचा पीक होऊन गेल्यावरचं, त्यामुळे यील्डला फार धक्का नाही, पुढच्या ताणाला आहे. रिपोर्टला गणिताचा आकडा अजिबात नको, 23 ला ठेवून परत ओढा. पीपी पाणी पीत नाही म्हणून तुम्ही सुटलात, नायलॉन असतं तर दमटपणानेही यील्ड खाली आला असता.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद सर. लॉटला होल्डचा टॅग लावलाय, एसीवाला उद्या येतो म्हणालाय, गेल्या सोमवारीपण उद्याच म्हणाला होता.