मदत हवी आहे : कोकणातील छोट्या गावाची आजची लोकसंख्या कशी धरावी?

नमस्कार. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाची लोकसंख्याविषयक माहिती लिहून काढण्याचे काम मी अंगावर घेतले आहे आणि ‘एकूण लोकसंख्या’ या पहिल्याच रकान्यापाशी अडले आहे.

समोर २०११च्या जनगणनेचे आकडे, मतदार यादी आणि आशाताईंची सर्वेक्षण नोंदवही आहे. तिन्ही एकाच गावाचे असूनही आकडे जुळत नाहीत, कारण मतदार यादीत विरार-डोंबिवलीला संसार थाटलेले चाकरमानीही आहेत, तर आशाताईंच्या वहीत घरी सापडलेली माणसेच आहेत. जनगणनेने माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी धरले. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी झाली आणि त्या वर्षीची होळी १९ मार्चला आली, म्हणजे शिमग्याला घरे उघडण्यापूर्वीच मोजणी संपली होती.

आमच्या वाडीत ओळीने तीन घरांना कुलूप आहे आणि तिन्हींच्या किल्ल्या चौथ्या घरातल्या आजींच्या फडताळातील डब्यात असतात. घरपट्टीच्या नोंदवहीत ही चार घरे आहेत, बारा महिने राहणारे माणूस मात्र एकच. गणपतीत तीच ओटी-पडवी माणसांनी भरते आणि मे महिन्यात, विहिरीने तळ गाठलेला असताना, पुन्हा भरते. नळपाणी योजनेत माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरायचे, तर ते कोणत्या माणसांना गुणून धरायचे?

दुसरी अडचण अर्थ लावण्याची आहे. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना जिल्ह्यात हे प्रमाण ११२२ होते. आराखड्याच्या बैठकीत हा आकडा अभिमानाने वाचला गेला, तेव्हा मला फार वाईट वाटले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जिल्ह्यातही मुली कमीच आहेत. स्त्रियांची संख्या जास्त दिसते ती कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला गेल्यामुळे. मागे राहिलेल्यांत म्हाताऱ्या स्त्रिया किती, हे तर आरोग्य उपकेंद्राच्या दृष्टीने सर्वांत आधी कळायला हवे. पण जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुले वेगळी दाखवलेली असतात, वृद्ध नाहीत. शिवाय ते आकडे महसुली गावाचे असतात, त्यामुळे वाडीवार चित्रही त्यांतून मिळत नाही.

म्हणून घरोघरी जाऊन स्वतःच गणना करावी, असे मी ठरवते आहे. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिचे गावनिहाय तक्ते हाती येईपर्यंत आराखडा थांबू शकत नाही. जुना आकडा ठरावीक टक्क्यांनी वाढवून लिहिण्याचा सल्ला मला मिळाला आहे, पण घटत्या जिल्ह्यात ते पटत नाही.

ज्यांनी आपल्या गावात अशी गणना केली आहे, त्यांनी कृपया सांगावे : ‘बारमाही राहणारे’ आणि ‘सणासुटीला येणारे’ असे दोन रकाने केले, तर वर्षातून चार-पाच महिने गावी आणि उरलेले मुलाकडे काढणाऱ्या आईवडिलांना कोणत्या रकान्यात धरले? वयाचा दाखला नसलेल्या वृद्धांचे वय कशावरून लिहिले? आणि अशी गणना ग्रामसभेपुढे ठेवून आराखड्यात अधिकृतपणे घेता आली का?