अनुभव धागा: शॉट पडत नव्हते, तरी आपली टीम मारत राहिली, ती मॅच

केटीकर
काल रात्री एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) २०२५ च्या प्लेऑफमधली बोस्टन-न्यूयॉर्क बघत होते. माझं दोन्ही टीमशी देणंघेणं नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोस्टन २० ने पुढे, आणि तरी थ्रीवर थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), थ्रीवर थ्री. ६० मारले, ४५ हुकले, ओव्हरटाइममध्ये १०८-१०५ हरले. प्लेऑफच्या एका मॅचमध्ये इतके थ्री आजवर कुणाचेच हुकले नव्हते. नवरा म्हणाला, बंद कर, तुझा चेहरा परत २०१८ सारखा झालाय.

तर २०१८. २८ मे, मेमोरिअल डेची सुट्टी, टोयोटा सेंटर, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची सातवी मॅच. आमची ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना तो सीझन काय होता ते सांगायला नको. आदल्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ येऊन गेलं होतं, आमच्या भागात लोक अजून भिंती नव्या बसवत होते. आणि ही टीम ६५ मॅच जिंकली, रॉकेट्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त. सगळ्या गावाने जीव लावला होता. हाफटाइमला ५४-४३ आपण पुढे. मग सलग २७ थ्री हुकले. एकामागून एक सत्तावीस. १०१-९२ हरलो.

माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही आहे. थ्री किंवा रिंगखाली, मधलं काही नको, हा प्लॅन सीझनभर चालला कारण अडलं की ख्रिस पॉल होता. तो फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर जाऊन आपला मधला शॉट काढून द्यायचा. पाचव्या मॅचमध्ये त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली आणि कोच डीअँटोनीने त्याच्याशिवाय तोच प्लॅन जसाच्या तसा चालवला. दहा-बारा हुकल्यावर तरी आत जा. फाउल काढा. रिंगखाली कापेलाला द्या, २० गुण केले होते त्या पोराने.

तुमची अशी मॅच कुठली? कोच चुकला की नुसतेच शॉट पडले नाहीत, तेही लिहा.

गणितवेडा
चार! फक्त चार जास्त पडले असते तर १०४-१०१.
४४ थ्रीपैकी ७. सीझनची टक्केवारी ३६ धरा, म्हणजे १५-१६ पडायला हवे होते. पुण्यात सकाळी साडेसहाची मॅच, डबा भरायचा राहिला होता, मी उभ्यानेच बघत होतो.
केटीकर ताई, पण कोचला दोष नाही देणार मी. शंभर थ्री ३६ टक्क्यांनी मारले तर १०८ गुण. शंभर मिडरेंज (मधल्या अंतराचे, दोन गुणांचे) ४० टक्क्यांनी मारले तर ८०. हे गणित सातव्या मॅचला बदलत नाही. ३६ टक्केवाली टीम सलग २७ हुकवण्याची शक्यता काढली तर साधारण पावणेदोन लाखांत एक येते. त्याचा प्लॅन कुठून आणणार?

मधलीफळी
गणितवेडा, हे नाणेफेकीचं गणित झालं. नाण्याचे पाय दुखत नाहीत.
डीअँटोनी आधीपासूनच मोजक्या लोकांना खेळवणारा, त्यात पॉल नाही, म्हणजे हार्डन-गॉर्डन-अरिझा-टकर सगळे चाळीस-चाळीस मिनिटांच्या पुढे. समोर वॉरियर्स, प्रत्येक पिकवर (आपल्या माणसाने डिफेंडरची वाट अडवली की) स्विच करणारे, म्हणजे माणसं अदलाबदल करून धरणारे. मग हार्डनने एकट्याने बारा-पंधरा सेकंद बॉल आपटायचा, बाकी चौघांनी उभं राहायचं, आणि शेवटी कुणीतरी हात समोर असताना उडवायचा. थकलेल्या पायांचा शॉट आखूड पडतो, कोर्टवर खेळलेल्या कुणालाही विचारा. ३६ टक्के हा ताज्या पायांचा आकडा आहे. अरिझा ० पैकी १२ होता त्या दिवशी. बिचारा.

मधलीफळी
१२ पैकी ०. फोनवरून लिहितोय.

अंजिरी
अरिझाचं नाव काढलंत आणि पोटात कालवलं. बेस्ट डिफेंडर होता तो आमचा, ड्युरांटला तोच धरून होता रात्रभर. मला त्याच्यावर कधीच राग धरता आला नाही.
केटीकर तुम्ही केटीत म्हणजे सिंको रँचच्या बाजूला का? आम्ही शुगरलँड.

फ्रीमाँटवासी
शत्रुपक्षातून लिहितोय, चालेल का? त्या रात्री आमच्याकडे जल्लोष होता, पण सहाव्या मॅचलाच आम्ही संपलोय असं वाटलं होतं. पहिल्या हाफमध्ये तुम्ही १७ ने पुढे होतात. आमच्या क्ले थॉम्पसनने ९ थ्री मारले म्हणून वाचलो. त्याच प्रकारच्या शॉट्सवर एका रात्री वाचलो आणि दुसऱ्या रात्री तुम्ही बुडालात, म्हणून मी शॉटला दोष देत नाही.

माझी मॅच २०१६ ची फायनल, लेब्रॉनच्या क्लीव्हलँडविरुद्ध, सातवी. १९ जून, फादर्स डे. ७३ मॅच जिंकलेली टीम, ३-१ ने पुढे असलेली. स्कोअर ८९-८९ आणि साडेचार मिनिटांहून जास्त वेळ आम्हाला एकही गुण नाही. करी १४ पैकी ४ थ्री. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, मला मात्र आजपर्यंत पटत नाही ते आमच्या सेंटर एझिलीचं. नेहमीचा सेंटर बोगट जखमी, मान्य. पण कोच स्टीव्ह कर याने एझिलीला सुरुवातीला खेळवलं ते खेळवलं, चौथ्या क्वार्टरमध्ये परत आणलं! लेब्रॉनला नेमका तोच समोर सापडला. आधी त्याच्यावर तीन फ्री थ्रो, मग त्याच्या डोक्यावरून थ्री. सहा गुण. हरलो किती ने? चार ने. हा कोचचा निर्णय होता, नशीब नव्हे.
माझ्या मुलाने त्या दिवशी मला वॉरियर्सचा टी-शर्ट दिला होता. तो अजून घालतो.

गणितवेडा
फ्रीमाँटवासी, हे अगदी पटलं. कोण खेळणार हे कोचच्या हातात. बॉल रिंगमधून जाणार की नाही हे नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

नागपाडा_जुना
वाचतोय सगळ्यांचं. मी मुंबईच्या नागपाड्यात खेळून मोठा झालो. आमच्या वेळी ही थ्रीची लाइनच नव्हती! अमेरिकेत एनबीएने १९७९ पासून आणली, फिबाने (जागतिक बास्केटबॉल संघटना) १९८४ ला, तोवर माझं खेळून होत आलं होतं. लांबून मारला तरी दोनच. मग लांबून का मारायचा? आमचे कोच लांबून मारणाऱ्याला खाली बसवायचे. बॉल आत गेलाच पाहिजे, पोस्टमधल्या (रिंगजवळ उभ्या) पोराचा हात लागलाच पाहिजे, मग बाहेर आला तर मार. आत गेलेला बॉल बाहेर आला की डिफेन्स वळलेला असतो, शॉट मोकळा मिळतो. आजही तेच खरं आहे असं मला वाटतं. नुसतं वर्तुळाबाहेर बॉल फिरवून मारलेला थ्री आणि आतून बाहेर आलेला थ्री, आकड्यात एकच दिसतात.

मधलीफळी
काका, दंडवत. शेवटचं वाक्य रॉकेट्सच्या ऑफिसात लावायला हवं होतं.

स्वराची_आई
विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही पण लिहिते, कुकर होईपर्यंत वेळ आहे. मुलगी सहावीत, शाळेच्या टीममध्ये. कोचने नियम केलाय, फ्री थ्रो लाइनवरून नीट पडेपर्यंत थ्री मारायचा नाही. काही पालक चिडलेत, म्हणे आजकाल सगळी टीम थ्रीच मारते, मुली मागे पडतील. मला कोचचं पटतं. सहा नंबरचा बॉल असला तरी या वयात लांबून मारायला मुली तो कमरेपासून ढकलतात, आणि हाताची ती सवय पुढे जात नाही म्हणतात. स्वरा रडली दोन दिवस. आता अंगणात जवळूनच मारत बसते, एका हाताने. बघायला फार छान वाटतं.

नागपाडा_जुना
स्वराच्या आई, कोच चांगले मिळालेत. रिंगच्या अगदी जवळून सुरू करून एकेक पाऊल मागे जायला सांगा. खांदे दुखायला लागले की त्या दिवसापुरतं बंद. आशीर्वाद पोरीला.

अंजिरी
स्वराचा व्हिडिओ टाका ना शक्य असेल तर. किंवा नको, मुलीचा आहे. नुसतं सांगत राहा.

अलामोच्या_गावचा
सॅन अँटोनिओ. १८ जून २०१३, सहावी फायनल, मायामी. एवढं लिहिलं की स्पर्सवाल्यांना पुढचं लिहायची गरज नाही. पण लिहितो.
९५-९२ ने पुढे. काही सेकंद उरलेले. ट्रॉफी द्यायच्या तयारीत कोर्टभोवती पिवळी दोरी आणली होती, टीव्हीवर दिसत होती. आमचा कोच पॉपोविच, त्याने उंच डंकनला बाहेर बसवलं, कारण थ्री अडवायला चपळ माणसं हवीत. लेब्रॉनचा थ्री हुकला. रिबाऊंड बॉशला. डंकन असता तर? बॉशने कोपऱ्यात रे ॲलनला दिला, तो न बघता मागे सरकत लाइनच्या मागे गेला, ५.२ सेकंद उरले असताना ९५-९५. ओव्हरटाइम हरलो, सातवी हरलो.
तीनने पुढे असताना फाउल का नाही केला, हा वाद आमच्या घरात अजून होतो. माझा भाऊ म्हणतो फाउल करायचा, दोन फ्री थ्रो घेऊ द्यायचे. मी पॉपच्या बाजूने. डंकनला बाहेर काढणं तो सीझनभर करत होता आणि चालत होतं. २०१४ ला त्याच मायामीला ४-१ ने धुतलं तेव्हा मी रडलो. पॉप आमच्याकडे नुसता कोच नव्हता, घरातला माणूस आहे.

ठाणेकर_पहाट
स्पर्स +१. २०१४ ची ती टीम म्हणजे बॉल जमिनीला लागतच नव्हता. कोण थ्री मारतंय कोण लेअप, कळायच्या आत पास. तसा बास्केटबॉल परत पाहिला नाही.
अवांतर: २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीला डोममध्ये एनबीएच्या पेसर्स-किंग्ज मॅच बघायला कोण कोण होतं? पहिली मॅच ओव्हरटाइम, १३२-१३१. किंग्जचे मालक रणदिवे आपल्या मुंबईचेच. मी वरच्या रांगेत होतो, बॉलचा आवाज तिथपर्यंत येत होता.

नागपाडा_जुना
मी टीव्हीवर पाहिली. नातू गेला होता.

जुना_समिटवाला
ह्यूस्टनमध्ये १९९० पासून आहे. सगळे २०१८ चं दुःख सांगताहेत, पण आपली पहिली ट्रॉफी समोरच्याच्या हुकलेल्या शॉट्सवर आलीय हे तरुण मंडळींनी लक्षात ठेवा. २२ जून १९९४, फायनलची सातवी मॅच, रॉकेट्सच्या तेव्हाच्या समिट स्टेडियममध्ये. न्यूयॉर्कचा जॉन स्टार्क्स १८ पैकी २. थ्री ११ पैकी ०. आणि त्यांचा कोच पॅट रायली त्याला खेळवतच राहिला. रोलँडो ब्लॅकमनसारखा अनुभवी शूटर बेंचवर बसलेला, उठवलाच नाही. रायलीने पुढे स्वतः त्याबद्दल खंत बोलून दाखवली आहे.
पण रायलीचंही बघा. त्याआधीच्या मॅचमध्ये याच स्टार्क्सने २७ गुण केले होते. शेवटच्या शॉटला आपल्या हकीम ओलाजुवॉनची बोटं लागली नसती तर न्यूयॉर्क तिथेच जिंकलं असतं. ज्याने इथवर आणलं त्याला कसा बसवणार? मी कोच असतो तर मीही बसवला नसता. ९०-८४ जिंकलो आपण. रिचमंड अव्हेन्यूवर पहाटेपर्यंत गाड्यांचे हॉर्न.

केटीकर
काका, समिटच्या जागी आता लेकवूड चर्च आहे ना? मी नेहमी तिथून जाते. आत जाऊन पाहावंसं वाटतं, हकीम कुठे उभा राहायचा ते.
आणि स्टार्क्सचं वाचून डीअँटोनीबद्दल जरा विचार करायला लागले. पण रायलीकडे निदान ब्लॅकमन होता बेंचवर. आपल्याकडे पॉल सूट घालून बसला होता.

मधलीफळी
म्हणून तर कोचने खेळच बदलायला हवा होता. माणूस नाही तर पद्धत बदला.

गणितवेडा
कशाने बदलणार? तिसऱ्या क्वार्टरमध्ये वॉरियर्सने ३३ केले, आपण १५. १८ चा फरक. दोन-दोनने तो भरून निघत नाही.

मधलीफळी
दोन-दोनने गेलो असतो तर ३३ झालेच नसते! लांबून हुकला की रिबाऊंडही लांब उडतो, आणि लांब रिबाऊंड म्हणजे करी-ड्युरांट मोकळे पळत सुटले. आपला वाईट शॉट म्हणजे त्यांचा चांगला शॉट. हे तुमच्या १०८ विरुद्ध ८० मध्ये कुठे आहे?

गणितवेडा
हा मुद्दा चांगला आहे. यावर आकडे बघून लिहितो. मीटिंग आहे.

अंजिरी
२०१९ चं कुणीच कसं लिहिलं नाही? परत वॉरियर्स, सहावी मॅच, आपल्या घरी. ड्युरांट जखमी, खेळतच नव्हता. करी पहिल्या हाफमध्ये शून्य. शून्य! आणि दुसऱ्या हाफमध्ये ३३. मला २०१८ पेक्षा ते जास्त लागलं. २०१८ ला पॉल नव्हता, असं म्हणता तरी येतं.

फ्रीमाँटवासी
अंजिरी, त्या रात्री आम्ही गप्प बसून बघत होतो. घरात कुणी हललं नाही, जागा बदलली नाही.

केटीकर
अरे परत!!! बोस्टन आज परत २० ने पुढे होतं आणि ९१-९० हरलं. ४० पैकी १० थ्री. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. २०२४ ला त्यांचा कोच माझुलाने याच खेळावर ट्रॉफी जिंकली, म्हणून तो बदलणार नाही, आणि मला ते समजतं. पण बोस्टनमध्ये कुणी मराठी मंडळी असतील तर आज त्यांना फोन करा प्लीज.

वॉल्थमकर
आहे. वाचतेय. बोलवत नाहीये. आमच्या टेटमला शेवटी आत जायला सांगितलं आणि शॉटच निघाला नाही, हे थ्री हुकण्यापेक्षा वाईट होतं. उद्या लिहीन.

अंजिरी
वॉल्थमकर, लिहू नका आज. जेवून घ्या.

स्वराची_आई
स्वराचे आज फ्री थ्रो लाइनवरून ओळीने बरेच पडले. कोचने अजून परवानगी दिलेली नाही. शनिवारी मॅच आहे, सकाळी नऊला. नागपाडा काका, खांद्यासाठी शेकायचं की बर्फ?

नागपाडा_जुना
बर्फ. कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं. शनिवारी काय झालं ते कळवा.