अनुभव धागा : घरात बोलणं कशानं सोपं झालं?

आपल्या कोल्हापुरात पाहुण्याला आग्रह करकरून तांबडा-पांढरा वाढतील, पण "तुझं बोलणं मला लागलं" एवढं सख्ख्या भावाला सांगायला वर्षं जातात. म्हणून हा धागा. काय बोललात आणि नातं सुधारलं, ते वाक्यच लिहा. उपदेश नको.

शुक्रवार पेठ
आमचं घर पूररेषेत. २०१९ ला पाणी आत आलं, २०२१ ला पुन्हा. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली की घरात भांडण ठरलेलं. हे म्हणायचे, "आबा, चला." आबा म्हणायचे, "धोका ४३ ला हाय, तवर मी हलत न्हाई." दोघांचा आवाज गल्लीभर.

मग मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, चहा देता देता मी विचारलं, "आबा, घर सोडताना जीव कशात अडकतो?"
"म्हशीत. तुम्ही गाडीत बसून जाशीला, तिचं कोण बघतंय?"

हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं! आता ठरलंय : ३९ ला आधी म्हैस नणंदेच्या गावाला, मागोमाग आबा. पुढच्या पावसाळ्यात पातळी बघून आबाच म्हणाले, "टेम्पोवाल्याला सांगा." पाणी चढत असताना हा विषय काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिरोली एमआयडीसी
फौंड्रीत कास्टिंग रिजेक्ट झालं की दोन्ही पाळ्या एकमेकांवर ढकलायच्या. आता जाणारा सांगतो ते येणाऱ्यानं आपल्या शब्दांत परत म्हणायचं : "म्हणजे वाळूत ओल जास्त आहे, साचा बघून भरायचा. बरोबर?" वादावादी खूप कमी झाली. हेच मानसशास्त्रज्ञ रॉजर्स आणि फार्सन यांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' म्हणून मांडलं, तेही शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्रासाठीच. घरी बायको काही सांगायला लागली की आधी विचारतो, "नुसतं ऐकू, का काही करू?" बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं.

राजारामपुरी
मुलगा रात्री उशिरा यायचा. "तुला घरची काळजीच नाही" हे बंद केलं. "दहा वाजले की मला भीती वाटायला लागते, एक फोन कर" असं सांगितलं. मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांची ही पद्धत : आरोप 'तू'वर न करता आपल्याला काय होतंय ते बोलायचं. आता फोन येतो, "आई, दसरा चौकात हाय, आलोच."

करवीर तालुका
बांधावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे. सुरुवात कशी करू?

↳ शुक्रवार पेठ
बांधाचं नावच काढू नका, दादा. आधी वहिनींच्या हातचा चहा घेऊन या.

समुपदेशक, शाहूपुरी
वरचं सगळं पटलं. पण जिथं मारहाण किंवा धमकी आहे, तिथं बाईला "तू जरा गोड बोल" असं कृपा करून सांगू नका. तिथं बोलण्याची कला उपयोगी नाही, तिची सुरक्षितता आधी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूनं आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे. नंबर द्या, आणि तिला चालणार असेल तर सोबत जा.